चालताना पोटरी आवळते, थांबलं की उतरते: अशा पायाने चालावं की विश्रांती घ्यावी?

कोवळंऊन
नमस्कार मंडळी. प्रश्न बाबांसाठी आहे. वय ६८, मधुमेह जुना, सिगारेट आता सुटलेली. चालायला लागलं की थोड्याच अंतरावर त्यांची डावी पोटरी आवळून येते आणि पाय उचलेनासा होतो. उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत दुखणं पूर्ण उतरतं. पुन्हा निघाले की जवळपास तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. दुखतंय हे कुणाला कळू नये म्हणून ते रस्त्यात मोबाइल काढून त्यात काहीतरी बघत उभे राहतात. स्क्रीन काळीच असते.

डॉक्टरांनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढलं. उजवीकडे १.०२, डावीकडे ०.६८. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, मांडीतली धमनी बरीच अरुंद झालेली दिसली. गोळ्या लिहून दिल्या आणि 'रोज चाला, दुखेपर्यंत चाला' असं सांगून घरी पाठवलं.

यावरून घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, ज्या पायाला रक्तच पुरत नाही त्याला आणखी ताण कशाला द्यायचा? काकांचं म्हणणं, सरळ स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकून मोकळे व्हा. बाबा दोघांचं ऐकून घेतात आणि खुर्चीत बसून राहतात. ज्यांनी हे दुखणं काढलंय किंवा घरात पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. दुखत असताना चाललं तर पायाला इजा होते का? आणि चालायचं तर नेमकं कसं?

हिरवाचाफा
मी तुमच्या आईंच्या बाजूने. शरीर दुखून सांगतं तेव्हा ऐकावं. गुडघेदुखीत चालण्याचा हट्ट केल्याने त्रास वाढल्याचं जवळून पाहिलंय. विश्रांती द्या, पायाखाली उंच उशी ठेवा, रात्री गरम शेक द्या.

दगडफूल
चाफाताई, गुडघा वेगळा आणि हे वेगळं. उंच उशी आणि गरम शेक, दोन्ही या दुखण्यात उलटे पडू शकतात. शेकाबद्दल पुढे कुणीतरी लिहीलच, मी चालण्याबद्दल सांगतो.

मला हाच आजार आहे, दोन्ही पायांत. निदान झालं तेव्हा मीही घाबरून चालणं कमी केलं होतं. त्याचा परिणाम असा झाला की अंतर वाढायच्या ऐवजी घटत गेलं. बसून राहिलं की पोटरीचा स्नायू अशक्त होतो, दमही कमी होतो, मग पूर्वी जिथपर्यंत जाता यायचं तिथपर्यंतही जाता येत नाही. घराबाहेर पडायचंच टाळतो माणूस. लग्नसमारंभ नको, फिरायला नको, 'तुम्ही पुढे व्हा, मी येतो' हे वाक्य तोंडात बसतं. तुमच्या बाबांचा तो काळ्या स्क्रीनचा मोबाइल वाचून पोटात कालवलं. त्यांना सांगा, आमच्यापैकी बहुतेकांनी हे केलंय. कुणी चपलेचा पट्टा नीट करतं, कुणी पाटी वाचत उभं राहतं.

फरक पडला तो ठरवून चालायला लागल्यावर. एका फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरुवात केली, नंतर स्वतःच. पहिले काही आठवडे काहीच होत नाहीये असं वाटतं. तिथे सोडायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कधीतरी लक्षात येतं की नेहमीच्या थांब्याच्या पुढे आलोय.

निळासमुद्र
एक शंका आधी मिटवलेली बरी. चालताना पाय दुखणं म्हणजे दर वेळी रक्तवाहिनीच असते असं नाही. माझ्याकडे कंबरेच्या मणक्यातली जागा अरुंद झाल्याने नसा दाबल्या जात होत्या आणि लक्षणं ऐकायला अगदी अशीच. पण मला नुसतं उभं राहून बरं वाटत नसे. बसावं लागे किंवा पुढे वाकावं लागे. ढकलगाडीवर रेलून चाललं की खूप लांब जाता यायचं, सायकल तर विनातक्रार. आणि न चालता रांगेत नुसतं उभं राहिलं तरी पाय भरून यायचे. तुमच्या बाबांना उभ्या-उभ्या दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं आणि आकडाही ०.६८ आहे, म्हणजे निदान पक्कंच दिसतंय. धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिलं.

कवडसा
आणि फुगलेल्या निळ्या शिरांचं दुखणं आणखी तिसरं ना? आमच्या मावशीला संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, भिंतीला पाय लावून पडलं की बरं वाटतं.

वळणवाट
कवडसा, बरोबर. ते नीलांचं दुखणं. तिथे रक्त खाली साठतं, म्हणून पाय वर केले की आराम. धमनीच्या आजारात रक्त खाली पोचायलाच अडचण असते, म्हणून पाय वर केला की दुखणं वाढू शकतं आणि खाली सोडला की बरं वाटतं. हिरवाचाफा यांचा उशीचा सल्ला मावशींना चालेल, कोवळंऊन यांच्या बाबांना नको.

मी रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करतो. इथे कुणाला तपासलेलं नाही, म्हणून कुणाची औषधं बदलणार नाही. आजार मात्र समजावून सांगतो, कारण तो कळला की घरातले बरेच वाद मिटतात.

बसलेलं असताना पोटरीच्या स्नायूंना थोडंच रक्त लागतं आणि अरुंद धमनीतूनही तेवढं मिळतं. म्हणून बसल्यावर काहीच दुखत नाही. चालताना हीच गरज कित्येक पटींनी वाढते. धमनी तेवढं देऊ शकत नाही, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि तो दुखतो. थांबलं की मागणी उतरते, दुखणंही उतरतं. कुठे दुखतं त्यावरून अडथळा कुठे असावा याचा अंदाज येतो. पोटरीत असेल तर बहुधा मांडीतल्या धमनीत. कुल्ला आणि मांडी दुखत असेल तर वर ओटीपोटात. पुरुषांमध्ये वरच्या अडथळ्यासोबत लैंगिक दुर्बलताही येते, संकोचामुळे ते सांगत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी रुग्णाने सांगावं, निदानाला मदत होते.

आता तो आकडा. घोट्याचा वरचा दाब भागिले दंडाचा वरचा दाब. १.०० ते १.४० नेहमीचा, ०.९० किंवा खाली म्हणजे आजार आहे, मधला पट्टा सीमेवरचा. ०.६८ म्हणजे आजार नक्की आहे, पण पाय जाण्याच्या वाटेवर आहे असं मुळीच नाही. एक मेख मात्र लक्षात ठेवा. जुना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असला की धमन्यांच्या भिंतीत चुना बसतो, त्या दाबल्या जात नाहीत आणि आकडा खोटाच मोठा येतो, १.४० च्या वर. मधुमेह्याचा रिपोर्ट 'चांगला' आला आणि लक्षणं मात्र आहेत, तर पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगावं. तिथलं गुणोत्तर ०.७० किंवा कमी असेल तर आजार धरतात.

पाय कापावा लागेल ही भीती प्रत्येक रुग्ण मनात घेऊन येतो. फक्त चालताना दुखणाऱ्यांपैकी ५ वर्षांत मोठी शस्त्रक्रिया करून पाय काढावा लागणारे शंभरात साधारण १ ते ३ असतात. खरी काळजी दुसरीकडे आहे. पायाची धमनी अरुंद झालीय म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही तोच थर बसलेला असण्याची शक्यता मोठी. या लोकांना हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका बराच जास्त. म्हणून कोलेस्टेरॉलचा आकडा चांगला असला तरी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, देतात. म्हणून रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल देतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅप्री' अभ्यासात १९ हजारांहून जास्त रुग्णांत या दोन गोळ्यांची तुलना केली होती आणि पायाच्या धमन्यांचा आजार असलेल्या गटात क्लोपिडोग्रेलचा फायदा जास्त दिसला. 'पाय तर दुखतोय, हृदयाच्या गोळ्या कशाला' म्हणून लोक त्या बंद करतात. तसं कृपया करू नका.

कोवळंऊन
वळणवाट, मनापासून आभार. हा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पाय कापण्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नव्हता, पण तो परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचायला लावला. स्टॅटिनबद्दल नेमका हाच प्रश्न आई विचारत होती.

हिरवाचाफा
उशीबद्दलचं पटलं, धन्यवाद. पण चालण्याबद्दल अजून मन मानत नाही. दुखायच्या आधी थांबलं तर काय बिघडेल? थोडं-थोडं, आरामात चालावं. दुखवून घेण्यात काय शहाणपण?

रानजाई
चाफा, प्रश्न रास्त आहे आणि त्यावर अभ्यास झालेला आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या रुग्णांसोबतच काम करते.

२०२१ मध्ये 'लाइट' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ३०५ रुग्ण, १२ महिने, घरच्या घरी चालणं. एका गटाला पाय दुखणार नाही अशा संथ गतीने चालायला सांगितलं, दुसऱ्याला दुखेल इतक्या वेगाने, तिसऱ्याला चालण्याचा कार्यक्रमच दिला नाही. वर्षाच्या शेवटी सहा मिनिटांत किती अंतर कापता येतं ते मोजलं. दुखेपर्यंत चालणाऱ्या गटाचं अंतर सरासरी ३४ मीटरच्या आसपास वाढलं. आरामात चालणाऱ्यांचं वाढलं नाही, न चालणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. या प्रश्नावर मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो.

बाजू एकतर्फी मांडायची नाही म्हणून हेही सांगते. दुखू न देता केलेल्या व्यायामाने फायदा झाल्याचे लहान अभ्यासही आहेत आणि ज्याला दुखणं सहनच होत नाही त्याला मी तेच देते. काहीच न करण्यापेक्षा ते शंभरदा बरं. हाताने फिरवायच्या पेडलवर व्यायाम केला तरी चालण्याचं अंतर वाढतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गुडघे किंवा मणका साथ देत नसेल तर तो पर्याय विचारा.

इजा होते का? फक्त चालताना दुखणाऱ्या, पायावर जखम नसलेल्या रुग्णात या दुखण्याने स्नायूचं कायमचं नुकसान होत नाही. थांबल्यावर ते पूर्ण उतरतं हीच त्याची खूण. उलट वारंवार मिळणाऱ्या त्या ताणातूनच शरीर जुळवून घ्यायला शिकतं. हमरस्ता अडला की वाहतूक आजूबाजूच्या गल्ल्यांतून निघते, तशा बारीक उपधमन्या थोड्या रुंदावतात. पण खरा मोठा बदल स्नायूच्या आतच होतो. मिळालेला प्राणवायू तो जास्त काटकसरीने वापरतो, रक्तवाहिन्यांचं अस्तर चांगलं काम करायला लागतं, चालायची ढब सुधारते. म्हणून तीन महिन्यांनी घोट्याचा आकडा ०.६८ चा ०.६८ च राहिला आणि चालणं मात्र दुप्पट झालं, असं होऊ शकतं. आकडा बदलला नाही म्हणून हिरमुसू नका.

आता 'कसं'. हृदयाची तपासणी आधी झालेली हवी. मग आठवड्यातून किमान ३ दिवस, शक्य तर ५. सपाट जागा, टाचेला आणि बोटांना न चावणारे बूट. सुरुवातीची पाच मिनिटं सावकाश. मग असा वेग धरा की तीन ते पाच मिनिटांत पोटरी दुखायला लागेल. लगेच थांबू नका. मी रुग्णांना ० ते ४ अशी पट्टी सांगते. १ म्हणजे नुकतं जाणवतंय, ४ म्हणजे पाऊल टाकवत नाही. २ ओलांडून ३ च्या जवळ आलं की थांबा. उभे राहा किंवा बसा. दुखणं पूर्ण, अगदी पूर्ण उतरू द्या. अर्धवट उतरल्यावर निघालात तर पुढची फेरी फार लवकर संपते. मग पुन्हा तेच. थांबण्याचा वेळ धरून सुरुवातीला अर्धा तास, हळूहळू ४५ ते ५० मिनिटं. एका दमात आठ-दहा मिनिटं जाता यायला लागलं की वेग वाढवा किंवा थोडा चढ घ्या. किमान १२ आठवडे. आणि नंतरही बंद करायचं नाही, कारण कमावलेलं अंतर बसून राहिलं की परत जातं.

छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली तर मात्र तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांशी बोलायचं. पोटरीच्या दुखण्याला दिलेली सूट छातीच्या दुखण्याला नाही.

हिरवाचाफा
इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार, रानजाई. आता पटलं. कोवळंऊन, आईंना हाच प्रतिसाद वाचायला द्या.

दगडफूल
रानजाईंच्या 'पूर्ण उतरू द्या' या वाक्याखाली दोन रेघा मारा. बाकी सगळे पाळतात, हेच कुणी पाळत नाही.
थांबायच्या जागा आधी हेरून ठेवाव्यात. कट्टा, बाक, कुंपणाची भिंत. बसायला जागा आहे हे माहीत असलं की माणूस धीराने वेग वाढवतो. सोबत कुणी असेल तर त्याने पुढे पळू नये एवढीच विनंती!

आजोळ
शेकाबद्दल मला लिहायलाच हवं. सासूबाईंना मधुमेह आणि पायाच्या धमन्यांचा आजार, दोन्ही. पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपल्या. संवेदना कमी झालेली असल्याने भाजतंय हे कळलंच नाही. सकाळी मोजा काढला तर टाचेच्या बाजूला रुपयाएवढा फोड, आत पिवळट पाणी, भोवती लाल कडा. एरवी आठवड्यात वाळला असता. त्यांचा तो महिनोन्महिने ओला राहिला, कडा काळ्या पडायला लागल्या आणि शेवटी धमनी मोकळी करावी लागली तेव्हा कुठे मांस भरून आलं.

तेव्हापासून आमच्याकडे पाय गार असतील तर लोकरी सैल मोजे, बस. शेक नाही, शेगडी नाही, गरम पाण्यात पाय बुडवणं नाही. अंघोळीचं पाणी आधी कोपराने बघायचं. रोज रात्री तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. त्यांना वाकता येत नाही म्हणून आरसा जमिनीवर ठेवतो. तळव्याला क्रीम लावतो पण बेचक्यांत लावत नाही, तिथे ओल राहून कातडी सडते. नखं सरळ कापायची. कुरूप ब्लेडने कापायचं नाही की कुरूप घालवायची औषधी पट्टी लावायची नाही, ती चांगली कातडीही खाते. घरातही अनवाणी फिरायचं नाही. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, मोड, वर आलेला खिळा बघायचा.

वळणवाट
आजोळ यांचा प्रतिसाद माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर लावावा असा आहे. एक भर घालतो. पाय सुजतात म्हणून लोक स्वतःच घट्ट इलॅस्टिकचे मोजे आणून घालतात. ते नीलांच्या आजारासाठी असतात. धमनीचा आजार असेल तर घोट्याचा दाब मोजल्याशिवाय ते घालू नयेत, आहे तेही रक्त अडतं.

चांदणचुरा
मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्या भावाला सिलोस्टॅझॉल दिलंय, त्याने डोकं दुखतं आणि धडधडतं, हे नेहमीचं आहे का? दुसरं, शिरेतून औषध देऊन 'धमन्या साफ करणारी' चिलेशन थेरपी म्हणून सांगतात, ती घ्यावी का? तिसरं, तेलाने मालिश?

वळणवाट
सिलोस्टॅझॉल हे चालण्याचं अंतर वाढवणारं औषध आहे, अमेरिकेत त्याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. डोकेदुखी, धडधड, पातळ शौच हे त्याचे ओळखीचे त्रास. काहींना डोस कमी केल्यावर ते सोसतं, म्हणून भावाला डॉक्टरांना सांगू द्या, परस्पर बंद नको. जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा दोन तास नंतर घ्यायचं. परिणाम कळायला १२ आठवडेही लागू शकतात. सर्वांत महत्त्वाचं, हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेली असेल, म्हणजे हार्ट फेल्युअर असेल, तर हे औषध घ्यायचंच नाही. भावाला चढताना धाप लागते का, पायावर सूज आहे का, हे विचारून ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

चिलेशनने चालण्यातल्या दुखण्याला फायदा होत नाही. २०१६ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत ते देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. त्याच सूचनांत पेंटॉक्सिफायलिन हे जुनं औषधही या दुखण्यासाठी उपयोगी नसल्याचं म्हटलंय, तरी ते अजून लिहून दिलेलं दिसतं.

मालिशने धमनी उघडत नाही. जखम नसेल तर हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, कातडी मऊ राहते. जोरात रगडणं नको.

शुक्रतारा
मी चौतिशीत आहे. मला मधुमेह नाही, कोलेस्टेरॉल नाही, तरी पायाच्या बोटांवर जखमा झाल्या आणि तळवा दुखायला लागला. निदान बर्जरचा आजार. १९०८ मध्ये लिओ बर्जर यांनी तो नीट वर्णन करून मांडला म्हणून हे नाव. तंबाखू घेणाऱ्या तरुण माणसांना होतो, सिगारेट असो, विडी असो की चघळायची. लहान धमन्यांना सूज येऊन त्या गुठळ्यांनी बंद होतात.

मला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की कमी करून चालणार नाही, एकही नाही. ज्यांनी पूर्ण सोडलं त्यांचे पाय बहुतेक वाचतात, ज्यांनी चालू ठेवलं त्यांची बोटं एकामागून एक जातात. निकोटिनच्या पट्ट्यासुद्धा माझ्यासाठी नकोत असं सांगितलं, कारण त्यानेही आजार धगधगत राहू शकतो. सोडलंय मी. जखमा भरल्या. धाग्यात म्हाताऱ्या माणसांचीच चर्चा चाललीय म्हणून मुद्दाम लिहितोय. तरुण पोरांनी तळवा दुखतोय म्हणून नुसता बूट बदलून बसू नये.

कवडसा
शुक्रतारा, जखमा भरल्या हे वाचून फार बरं वाटलं. हा प्रतिसाद माझ्या दोन मित्रांना पाठवतोय, आत्ताच.

पायवाट
मी अपघात विभागात नर्स आहे. वर सगळं सावकाश वाढणाऱ्या आजाराबद्दल झालं. अचानक होणाऱ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

एखाद्याचा पाय एकाएकी, काही मिनिटांत किंवा तासांत खूप दुखायला लागला, पांढराफटक पडला, दुसऱ्या पायापेक्षा गार लागला, मुंग्या येऊन बधिर झाला, बोटं हलेनात, तर धमनीत गुठळी अडकलेली असू शकते. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांत हे जास्त होतं. सकाळी दाखवू म्हणू नका. स्नायू आणि नसा रक्ताविना साधारण ६ तासच तग धरतात आणि बधिरपणा, हालचाल बंद होणं सुरू झालं असेल तर तेवढाही वेळ हातात नसतो. शेकू नका, चोळू नका, पाय उंच करू नका. थेट जिथे रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात न्या. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण रात्रभर मलम चोळून आलेले असतात, बघून जीव तुटतो.

पायाची नाडी कशी बघायची हेही शिकून ठेवा. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलल्यावर ताठ होणाऱ्या दोरीसारख्या कंडऱ्याच्या किंचित बाहेर दोन बोटं हलकी ठेवा. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे. पावलावरची नाडी काही निरोगी लोकांनाही जन्मतः लागत नाही, म्हणून एकट्या तिच्यावरून घाबरू नका. दोन्ही पाय ताडून बघा.

कोवळंऊन
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आईने रानजाईंचा प्रतिसाद वाचला आणि आता तीच बाबांना घेऊन जाते. दुखणं ३ वर आलं की बाबा नुसती तीन बोटं दाखवतात, आई थांबते, दोघं कट्ट्यावर बसतात. मोबाइल घरी राहतो. अंतर वाढलंय, किती ते मोजलेलं नाही, पण पूर्वी न गाठता येणाऱ्या वळणापर्यंत ते जातात.

काका मात्र अजून स्टेंटवर अडून आहेत. 'एवढी उस्तवार कशाला, एका दिवसात काम होतं.' त्यांना काय सांगू?

उंबरठा
काकांची बाजू मी घेतो. माझी ओटीपोटातली धमनी जवळपास बंद होती. चालून पाहिलं, मनापासून पाहिलं, फरक पडला नाही. नोकरी उभ्याने करायची, ती जायची वेळ आली. मग फुगा (अरुंद धमनी आतून फुगवून रुंद करणं) आणि स्टेंट केला आणि माझं आयुष्य परत मिळालं. इथे सगळे 'चाला चाला' म्हणताहेत, पण ज्याचं चालून भागत नाही त्याला अपराधी वाटायला लागतं. तसं होऊ नये.

वळणवाट
उंबरठा, तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे. औषधं आणि चालणं नीट करूनही कामधंदा, रोजचं जगणं अडत असेल तर धमनी उघडणं हा हक्काचा पर्याय आहे. ओटीपोटातल्या मोठ्या धमनीचे स्टेंट टिकतातही चांगले. मांडीतली धमनी लांब असते, दर पावलाला वाकते आणि पिळली जाते, तिथे पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण जास्त. काकांना हा फरक सांगा. बाबांचा अडथळा मांडीत आहे आणि चालून अंतर वाढतंय, तर आत्ता घाई कशाला?

२०१२ मध्ये छापल्या गेलेल्या 'क्लेव्हर' अभ्यासात ओटीपोटाच्या धमनीचेच रुग्ण होते. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर सर्वांत जास्त वेळ चालले ते देखरेखीखाली व्यायाम करणारे, आणि रोजच्या जगण्याबद्दलच्या प्रश्नावलीत जास्त समाधानी होते ते स्टेंटवाले. २०१५ च्या 'इरेझ' अभ्यासात फुगा आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांची प्रगती नुसत्या व्यायामापेक्षा जास्त झाली. म्हणजे स्टेंट टाकला तरी चालणं सुटत नाही. गोळ्या तर नाहीच नाही.

या उपचाराचा जन्म पायातच झाला, हृदयात नाही. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी एका ८२ वर्षांच्या बाईंच्या मांडीतली अरुंद धमनी आतून नळ्या सरकवून रुंद केली. बोटांना गँगरीन झालं होतं, डॉक्टरांनी पाय काढायला सांगितला होता आणि त्या नाही म्हणाल्या होत्या. त्या पुढे सुमारे अडीच वर्षं जगल्या, स्वतःच्या दोन्ही पायांवर. माझ्या क्षेत्रातली ही माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे. तेव्हा काकांना सांगा, पाय धोक्यात असेल तेव्हा मी स्वतः हट्ट धरेन. आज तशी वेळ नाही.

कोवळंऊन
काकांना फोन लावून वाचून दाखवलं. 'त्या डॉक्टरांना बाबाचं पुढचं डॉप्लर दाखव' एवढं म्हणाले. त्यांच्याकडून हे पुष्कळ आहे.

पिवळंपान
नवीन सदस्य आहे, धागा पूर्ण वाचला. माझ्या आईला चालताना पोटरी दुखायची, आता ती फारशी चालतच नाही. पण हल्ली रात्री झोपलं की पाऊल आणि बोटं ठणकतात. उठून पाय पलंगाखाली सोडून बसली की उतरतं, म्हणून ती खुर्चीतच झोपायला लागलीय. करंगळीच्या टोकाला छोटी काळी खपली आहे, दुखत नाही म्हणते. तिलाही रानजाईंनी सांगितलेलं चालणं सुरू करू का?

रानजाई
नको. खपली आहे तोवर हा व्यायाम नको. आधी डॉक्टर.

वळणवाट
पिवळंपान, हा टप्पा वेगळा आहे. झोपल्यावर ठणका, पाय लोंबता सोडल्यावर आराम आणि बोटावर काळं, म्हणजे विश्रांतीतही पावलाला रक्त पुरत नाहीये. दुखत नाही यावर विसंबू नका. पुढच्या महिन्याची वेळ घेऊ नका, उद्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे न्या. खपली सोलू नका, पाण्यात भिजवू नका, कोरडी निर्जंतुक पट्टी सैल बांधा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि जुने रिपोर्ट सोबत घ्या, साखर किती आहे तेही बघून जा. मधुमेह असेल तर घोट्याच्या आकड्यावर थांबू नका, अंगठ्याचा दाब मोजायला सांगा.

पायवाट
आणि रात्रीत पाय पांढरा-गार पडला, बधिर झाला किंवा खपलीभोवती लाली चढून ताप आला तर उद्याचीही वाट बघू नका.

पिवळंपान
ताप नाही, पाय कोमट आहे, आत्ताच हात लावून पाहिला. सकाळी साडेनऊची वेळ मिळाली आहे. रिपोर्टची फाइल काढून ठेवली.